उजेड कशाने विझतो, ते धर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ताळगावच्या पठारावरून, गोवा विद्यापीठातून तुझं पत्र आलं. एमएस्सीनंतर उजेड देणाऱ्या सेंद्रिय रेणूंवर काम करायचं म्हणतेस, याचा फार आनंद झाला. "कुठला नवा रेणू बनवू?" असं विचारलंस. माझं ऐकशील तर आत्ता नवा रेणू नको. आहे तो कशाने विझतो, ते धर.

घरीच करून बघ. टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असतं. अंधारात यूव्ही टॉर्चखाली ते निळं चमकतं. (टॉर्चकडे थेट बघू नकोस.) दोन ग्लासांत ते सारखं ओत. एकात साधं पाणी घाल, दुसऱ्यात तेवढंच मिरामारच्या समुद्राचं. दुसऱ्यातला निळा लगेच फिका पडेल. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आयन उत्तेजित क्विनीनवर आदळतात आणि त्याची ऊर्जा उजेड न होता उष्णतेत जाते. जुलैत पुन्हा कर. मांडवीच्या पुराने तिथला खारेपणा उतरलेला असतो, त्यामुळे निळा तितका फिका पडणार नाही. हा फरक मोजता आला की तो सेन्सरच झाला.

घन अवस्थेत वेगळीच अडचण. द्रावणात झगझगणारे चपटे रेणू फिल्ममध्ये, म्हणजे पातळ घन थरात, एकमेकांवर रचले जातात आणि मंदावतात. २००१ साली बेन झोंग तांग यांच्या गटाने याच्या उलट वागणारे रेणू पुढे आणले. त्यांच्या कामातून गाजलेलं टेट्राफिनाइलएथिलीन टीएचएफ या द्रावकात जवळपास काळोखात असतं. त्यात पाणी वाढवत ९० टक्क्यांच्या आसपास नेलंस की न विरघळता त्याचे रेणू एकत्र गोळा होतात आणि उजळतात. मोकळेपणी फिरणारी फिनाइल वलयं (रेणूला जोडलेली कार्बनची कडी) ऊर्जा वाया घालवतात, गर्दीत अडकली की ती वाट बंद होते. मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

ओएलईडीचा, म्हणजे विजेवर उजळणाऱ्या सेंद्रिय थरांचा, इतिहास तू वाचशीलच: १९८७ साली कोडॅकमध्ये चिंग तांग (हे वेगळे तांग) आणि व्हॅन स्लाइक, १९९० साली केंब्रिजमध्ये पीपीव्ही हा पॉलिमर. विजेने उत्तेजित झालेल्या चारांतल्या तीन अवस्था ट्रिप्लेट (ज्यांतून उजेड सहज निघत नाही), म्हणजे साध्या रेणूत त्या जवळजवळ वायाच. आधी त्या वापरणारी इरिडियम या जड धातूची संयुगं आली, मग २०१२ साली अदाची यांच्या गटाने जड धातूशिवाय त्या वापरून दाखवल्या. तरी निळ्याचं आयुष्य अजून तोकडंच आहे. शिवाय दमट हवा कॅथोडला काळे डाग पाडते. चांगल्या ओएलईडीच्या आवरणातून दिवसाला चौरस मीटरमागे सुमारे एक मायक्रोग्रॅमच वाफ आत गेलेली चालते. गोव्याच्या पावसाळ्यात हा प्रश्न तुझ्या दारातच उभा आहे. तो घे.

गाइडना पहिल्याच भेटीत विचार, फ्लुओरेसन्स लाइफटाइम (उत्तेजित रेणू उजेड देण्याआधी सरासरी किती वेळ टिकतो ते) मोजायची सोय आहे का. नुसती तीव्रता घटली यावरून उजेड टकरीने गेला की रेणू आधीच कशाला चिकटून बसला होता, हे कळत नाही. टकरीने गेला असेल तर लाइफटाइमही घटतो, चिकटून गेला असेल तर तसाच राहतो.

तुझे,
सर