तार लावली तरी फांदी परत वर जाते

प्रश्न : माझ्याकडे कुंडीत फायकसचं (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) जुनं बोनसाय आहे. जूनमध्ये खालच्या दोन फांद्यांना तार गुंडाळून खाली वाकवल्या, गणपतीच्या सुमारास बघते तर तार सालीत रुतलेली. उलगडून काढली तर साल सोलली गेली, वळ उठले आणि एक फांदी हळूहळू परत वर गेली. बोगनवेलीची फांदी तर वाकवतानाच कटकन मोडली. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तार फांदीला नुसती धरून ठेवते, वळण पक्कं होतं ते सालीखाली नवीन लाकडाचा थर चढल्यावर. पावसाळ्यात फायकस इतकं जोरात वाढतं की तीन-चार आठवड्यांतच तार रुतू शकते, त्यामुळे जून ते सप्टेंबर दर आठवड्याला प्रत्येक वेढा नीट बघाच, आणि साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगायला लागली की वळण कच्चं असलं तरी तार काढायची. काढताना उलगडायची अजिबात नाही, कटरने एकेक वेढा तोडायचा, तार वाया गेली तर जाऊ दे. वर गेलेल्या फांदीला जरा दम खाऊ द्या, मग परत तार लावा, पण आता उलट्या दिशेने गुंडाळा म्हणजे जुन्या वळांवर दाब येणार नाही. वळ फांदी जाड होईल तसे बऱ्यापैकी भरून येतात.

तार ॲल्युमिनियमची घ्या, जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 9 मिमीच्या फांदीला 3 मिमीची. सुरुवात खोडाला एक-दीड वेढा देऊन, मग फांदीवर 45 अंशाच्या तिरक्या वेढ्यांनी, सालीला टेकलेली पण आवळलेली नको. आणि हे बहुतेकांचं राहून जातं: जिथे वाकवायचं तिथे तार वळणाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजे, फांदी खाली वाकवायची असेल तर वरून. फांदी फाटते ती बाहेरच्या बाजूनेच, तिथे तार असली की आधार मिळतो. दोन्ही अंगठे वळणाच्या आत टेकवून हळूहळू वाकवा, बारीक करकर ऐकू आली की तिथेच थांबा. त्या दिवशी सकाळी पाणी घालू नका, थोडी कोरडी फांदी जास्त लवते. अंगठ्याएवढ्या जाड फांदीला तार गुंडाळण्यापेक्षा तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, त्यावरून तार घेऊन तिला कुंडीच्या काठाकडे ओढून बांधा आणि दर पंधरवड्याला ओढ थोडी थोडी वाढवत न्या.

बोगनवेलीचं जुनं लाकूड ठिसूळच असतं, ते वाकवायच्या भानगडीत पडू नका. कोवळा फुटवा हिरव्याचा तपकिरी व्हायला लागला की तेव्हाच तार लावा. बाकी आकार छाटणीतून काढा, ज्या दिशेला फांदी हवी त्या बाजूच्या डोळ्याच्या थोडं वर कापायचं, नवा फुटवा तिकडेच निघतो. चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताची बोनसायची लिंगनान पद्धत मुख्यतः अशा छाटणीवरच उभी आहे, आणि बोगनवेलीला मला तीच सगळ्यात योग्य वाटते. मोडलेली फांदी अर्धी चिकटलेली असेल तर लगेच जुळवून कलमाच्या पट्टीने घट्ट बांधा, पूर्ण तुटली असेल तर खालच्या जिवंत डोळ्यापर्यंत मागे छाटा.