पोटदुखी म्हणू नकोस

बाळ,

परवा रेडिएशनच्या दाराबाहेरच्या बाकावर तू मला एकच विचारलंस, "काकी, पोरीला काय सांगू?" तेवढ्यात आतून तुझ्या नावाचा पुकारा झाला, तू उठलीस आणि पोरीची गुलाबी टोपी माझ्या मांडीवर राहिली. टोपी धुऊन ठेवली आहे. उत्तर मात्र तिथल्या तिथे देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. आयुष्यभर दूध संस्थेत किर्द लिहिली, पत्रं लिहायची सवय नाही. गोडगोड लिहिणं जमायचं नाही, सांभाळून घे.

२००९ साली मला तुझाच, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, मुलगा साडेचारचा. वर्षभर अंगावरून पांढरं जात होतं, मग संबंध आल्यावर लाल दिसायला लागलं. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, आतून तपासलं नाही. तुकडा काढून तपासायला गेला तोवर मी घरात "पिशवीला सूज आहे" एवढंच ऐकत होते. रिपोर्ट आल्यावरसुद्धा तो शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्या सासूबाई कोल्हापूरच्या पेठेतल्या पक्क्या. म्हणाल्या, "मी सांगतो सगळ्यांना, पोटदुखीचं औषध चाललंय म्हणून." त्यांचा हेतू वाईट नव्हता. ही जागाच अशी की तिचं नाव घ्यायला आपल्याकडे जीभ वळत नाही. दुसऱ्या कुठल्या अवयवाचा असता तर गल्लीभर चर्चा झाली असती. याला फक्त बायकांचं दुखणं म्हणायचं आणि दार लोटून घ्यायचं.

मुलालाही मी तेच सांगितलं. आईचं पोट दुखतं, म्हणून आई रोज मशीनखाली झोपायला जाते. पंधरा-वीस दिवसांनी शाळेतून डबा तसाच परत यायला लागला. रागावले, समजावलं, त्याच्या आवडीचा शिरा केला, काही फरक नाही. एका रात्री त्याला कळ आली तेव्हा पोटाशी उशी घट्ट धरून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी विचारलं तर म्हणाला, माझं काही दुखत नाही. तीनदा म्हणाला. मग रडायला लागला, मला पण मशीनखाली नेणार का म्हणून. साध्या अपचनाची कळ होती गं ती. पण मीच त्याला शिकवलं होतं की पोटदुखी म्हणजे आईला रोज घेऊन जाणारी गोष्ट. कळ लपवता यावी म्हणून पोरानं खाणंच कमी केलं होतं. त्याच रात्री मी त्याला खरं काय ते सांगितलं.

म्हणून तुला सांगते, पोटदुखी म्हणू नकोस. कॅन्सर म्हण. पाच वर्षांच्या पोरीला त्या शब्दाची दहशत नसते, ती आपल्याला असते. तिला सांग, आईच्या पोटात आतल्या बाजूला बाळाची पिशवी असते, तिच्या तोंडाशी कॅन्सर नावाचा आजार झालाय. तुझं पोट दुखतं तसा हा नाही. तू हट्ट केलास, मांडीवर उड्या मारल्यास, म्हणून हा झाला नाही. मला हात लावून, माझ्या ताटात जेवून तुला होणार नाही. आणि शाळेतून तुला कोण आणणार, वेणी कोण घालणार, रात्री जवळ कोण झोपणार, हे नावानिशी सांग. पोरांना आजाराच्या माहितीपेक्षा या वेळापत्रकाची जास्त गरज असते. एका बैठकीत सगळं सांगू नकोस. ती तोच प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा विचारेल, तेव्हा उत्तर बदलू नकोस.

"तू मरणार का?" हेही विचारेल. खोटं वचन देऊ नकोस. डॉक्टर बरं करायला औषध देतायत, मी ते सगळं घेणार आहे, काही बदललं तर मीच तुला सांगेन, एवढं म्हण. तुझी दुसरी स्टेज म्हणालीस ना? या टप्प्यावर उपचार बरं करायच्या हिशोबानेच आखतात, नुसता आराम पडावा म्हणून नव्हे. हे तुझ्या डॉक्टरांच्या तोंडून स्वतः ऐकून घे. मोबाईलवर रात्री दोन वाजता टक्केवारी बघू नकोस. त्या आकड्यांत तुझा तुकडा, तुझा एमआरआय, तुझं वय काहीच मोजलेलं नसतं.

शेजारच्या कुणी तरी तुला सांगितलंय म्हणे, शेक, म्हणजे रेडिएशन, चालू असताना लेकीला जवळ घ्यायचं नाही, तिला लाईट लागते. हे डोक्यातून काढून टाक. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण मशीन बंद झालं की संपतात, तुझ्या अंगात काही उरत नाही. पुढे आतला शेक देतात, ब्रॅकीथेरपी, त्यात नळीतून स्रोत आत पाठवून थोड्या वेळाने काढून घेतात. त्यानंतरही तू घरी आलीस की पोरीला खुशाल कुशीत घे. मी या भीतीपायी पाच आठवडे पोराला घरातच आजीजवळ झोपवलं. एवढी एक चूक परत घेता आली असती तर घेतली असती.

आता दुसरी गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण तुझ्या नवऱ्याकडे बघताना तुझ्या डोळ्यांत होती. हे कुणामुळे झालं? बहुतेक सगळ्या वेळी मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. त्याच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांकडेच दहातली सात दुखणी जातात. विषाणू येतो शरीरसंबंधातून, हे खरं. पण लग्न झालेल्या बहुतेक माणसांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला परतवून लावतं. थोड्यांच्या अंगात तो टिकतो आणि मग कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात. एवढ्या जुन्या खात्याची आवक कुठल्या दिवशी झाली हे कुणालाही सांगता येत नाही, माझ्यासारख्या कारकुनालाही नाही. त्यावरून नवऱ्याला पकडू नकोस, स्वतःलाही नको. कुणी नातेवाईक "वागणुकीचा आजार" म्हणाला तर उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता त्याला पोरीला शाळेतून आणायचं काम लाव.

उपचार सुरू होण्याआधी दोन प्रश्न विचारायचे राहू देऊ नकोस, नंतर विचारून उपयोग नसतो. आणखी मूल हवं असेल तर काही मार्ग आहे का, हा पहिला. ओटीपोटाला शेक घेतल्यावर पुन्हा दिवस राहणं जवळपास संपतं. दुसरा, माझी पाळी कायमची जाणार का आणि गेली तर काय करायचं. अंडाशयांना शेक लागला की पाळी या वयातच थांबते, अंगातून वाफा निघतात, झोप जाते, हाडं लवकर झिजतात. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. उन्हाळाभर मला वाटत होतं की कॅन्सर परत आलाय. काही जणींत शस्त्रक्रिया करून अंडाशय वर सरकवून ठेवतात, हार्मोनच्या गोळ्याही देता येतात. तुला काय लागू पडतं ते डॉक्टर सांगतील, पण विचारल्यावर.

बाकी रोजचा हिशोब असा. शेक सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे, आणि आठवड्यातून एकदा केमोचं सलाईन. ते औषध मूत्रपिंडाला जड असतं, म्हणून पाणी भरपूर, आणि रक्ततपासणी चुकवायची नाही. त्यात केस सहसा फारसे जात नाहीत, पण उलट्या होतात. पोटावर शाईच्या खुणा करतील, त्या घासून काढू नकोस. मशीनवर जाताना बहुधा लघवी धरून ठेवायला सांगतील, कारण मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला सरकतात आणि त्यांना शेक कमी लागतो. तिसऱ्या आठवड्याच्या पुढे जुलाब सुरू होतात, लघवीला जळजळतं. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, केळं. तांबडा रस्सा बंद. माझ्या नवऱ्याला वाटलं पांढरा चालेल, कारण तो दिसायला साधा. मिरी काय पांढरी असते म्हणून गप्प बसते का?

एक दोनशे पानी वही कर. तारीख, वजन, किती पाणी, किती जुलाब, काय विचारायचंय. डॉक्टरांसमोर बसलं की निम्मे प्रश्न पळून जातात. नवऱ्याला लिहायला बसव. त्याला हाताला काम मिळतं, नाही तर पुरुष कॉरिडॉरमध्ये नुसते येरझारा घालतात.

खंड मात्र पडू देऊ नकोस. आतला-बाहेरचा सगळा शेक आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो, लांबला की गुण कमी येतो. मी एकदा नणंदेच्या मुलाच्या बारशाला म्हणून दोन दिवस बुडवले, तेव्हा टेक्निशियनने हात जोडले. जोतिबाची यात्रा पुढच्या वर्षीही असते. घाटाखालचा कुणी पाला देतो असं कोण म्हणालं, तर घ्यायच्या आधी डॉक्टरांना दाखव. लपवून दोन्ही घेऊ नकोस.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते त्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारे आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिकडे जा, मग बाकीचं. मंजुरी उपचार सुरू व्हायच्या आत लागते, नंतरची बिलं घेऊन फिरत बसायला लागतं.

आणखी एक, हे वाचताना लाजू नकोस, मी लिहिताना दोनदा उठले. शेक संपला की योनी आतून कोरडी पडते, आक्रसते. मग संबंध नको वाटतात, तपासणीसुद्धा दुखते. याच्यासाठी डायलेटर नावाचं साधन मिळतं, ते नेमानं वापरायचं असतं, क्रीमही असतं. सिस्टरला विचार, त्यांना रोज सांगायची सवय असते. मला तीन वर्षांनी कळलं. तोवर आम्ही दोघं एका खोलीत दोन पाहुण्यांसारखे राहिलो. त्याला वाटायचं मला दुखेल, मला वाटायचं त्याला किळस येते. तोंड उघडलं असतं तर एका संध्याकाळीत, रंकाळ्यावर एक फेरी मारताना मिटलं असतं.

तुझ्या बहिणीला आणि जावेला तपासणीला पाठव, दुखत नसलं तरी. माझ्या आजारपणाच्याच वर्षी, २००९ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल छापून आले होते. लाखाच्यावर बायका होत्या त्यात. ज्या गटात एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, तिथे या आजाराने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. इथून एका रात्रीच्या अंतरावर हे चाललं होतं आणि मी रक्तवाढीच्या गोळ्या खात होते. हा राग अजून गेलेला नाही, जावा असं वाटतही नाही. लेक नऊ वर्षांची झाली की तिला एचपीव्हीची लस दे. आता पुण्यात बनलेली मिळते. नऊ ते चौदा हे वय त्यासाठी सगळ्यात चांगलं.

माझा मुलगा आता विशीत आहे. मागच्या महिन्यात मला म्हणाला, तू खरं सांगितलंस त्या दिवशी मला भूक लागली होती. मला तो दिवस रडारडीचा म्हणून आठवतो. त्याला आठवतं की रात्री दहा वाजता आईने गरम भात-तूप वाढलं.

सोमवारी तुझ्या शेकाचं प्लॅनिंग आहे. मी साडेआठला सीबीएस बसस्थानकाच्या बाहेर उभी असेन, टोपी घेऊन. पाण्याची बाटली लिटरची आण, पोरीची शाळेतली छोटी पुरत नाही.

तुझी
काकी