ऑक्टोबरमधली तपकिरी बदकं सगळ्या माद्या नसतात

भिगवणला (उजनी धरणाच्या पाणथळीवर) ऑक्टोबरमध्ये काढलेल्या फोटोत सगळे थापटे (थापट्या म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं एक बदक) तपकिरीच दिसतायत, नर गेले कुठे असं विचारलंयत तुम्ही. नर त्याच फोटोत आहेत, फक्त त्यांचा रंग अजून यायचाय.

होतं असं की उत्तरेकडे मादी अंडी उबवायला बसली की नराचं काम संपतं, मग साधारण जूनपासून त्याची रंगीत पिसं गळून मादीसारखी मळकट पिसं येतात, याला एक्लिप्स म्हणतात. आणि ते का, तर त्याच काळात बदकांची उडायची पिसं सगळी एकदम गळतात. घार एकेक पीस बदलते आणि उडत राहते, पण बदकाचं अंग जड आणि पंख लहान, त्यामुळे तीन-चार आठवडे त्याला अजिबात उडता येत नाही, गवतात लपूनच राहावं लागतं, अशा वेळी हिरवं चकचकीत डोकं म्हणजे जिवावरचाच खेळ. नवीन पंख आले की आपल्याकडे येतात, पण अंगावरची रंगीत पिसं पुन्हा यायला वेळ लागतो. थापट्या यात फार आळशी, कित्येक नर डिसेंबर-जानेवारीतही अर्धवट ठिपक्याठिपक्यांचे दिसतात, भुवई बदक तर फेब्रुवारीपर्यंत ताणतं. तलवार बदक बरंच आधी तयार होतं. जोड्या हिवाळ्यातच जमतात ना, म्हणून रंग वसंताची वाट बघत नाही.

आता ओळखायचं कसं? पंख बघा. पंखाची मोठी पिसं वर्षातून एकदाच बदलतात, त्यामुळे एक्लिप्समध्येही पंख नराचाच राहतो. तुमच्या तिसऱ्या फोटोत डावीकडच्याने पंख उघडलाय, त्याच्या खांद्याजवळचा भाग स्वच्छ फिकट निळा आहे, म्हणजे नर, मादीचा तो भाग राखाडी असतो. पूर्ण वाढलेल्या नराचा डोळाही पिवळा असतो, मादीचा बहुतेक वेळा तपकिरी. पण पहिल्या वर्षाचे नर इथे फसवतात, नुसत्या डोळ्यावर जाऊ नका.

आपलं हळदी-कुंकू बदक बारा महिने सारखंच दिसतं, पण उडायची पिसं त्याचीही एकदम गळतात. तेव्हा एखादं बदक न उडता पाण्यावर पंख आपटत पळताना दिसलं तर बोटवाल्याला लगेच लांब घ्यायला सांगा, फोटोसाठी मागे लागू देऊ नका प्लीज.

आणि ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) लिस्ट टाकताना ऑक्टोबरचे नर-मादी वेगळे आकडे देऊ नका, एकूण संख्याच टाका.