नाताळची बिअर आणि उलटी मोजणी

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. नाताळच्या जेवणासाठी घरी २० लिटर पोर्टर (गडद रंगाची बिअर) करायची आहे. गेल्या वर्षी ५ डिसेंबरला बाटल्या भरून गॅरेजमध्ये ठेवल्या. २५ तारखेला उघडल्या, तर फेस नाही आणि चव गोडसर. यंदा कधी सुरुवात करू?

उत्तर : वीस दिवस तसे पुरले असते, घात गॅरेजच्या थंडीने केला. १० अंशांखाली एल यीस्ट (अशा बिअरसाठी वापरतात ते यीस्ट) निपचित पडते, बाटलीत घातलेली साखर तशीच राहते. तोच तो गोडवा.

तारखा शेवटून मोजा. २२ डिसेंबरला बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत, म्हणजे फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड वायू बिअरमध्ये नीट मुरतो आणि गाळ तळाशी घट्ट बसतो. त्याआधी तीन आठवडे त्या घरातच, २० अंशांच्या आसपास, कपाटात उभ्या ठेवायच्या. म्हणजे भरणी १ डिसेंबरला. सुरुवातीची घनता (पाण्याची १.०००; साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५० असेल तर फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवण्याच्या भांड्यात, दोन आठवडे लागतात, पण एक आठवडा हातचा ठेवा आणि १० नोव्हेंबरला वर्ट (माल्टचे गोड पाणी) उकळा. रात्री हीटिंग बंद झाले की घर गारठते, यीस्ट घनता १.०२० असतानाच अडते. तेव्हा फर्मेंटर २१-२२ अंशांच्या खोलीत हलवून हलकेच घुसळायला हा आठवडा कामी येतो.

एअरलॉकमधले (फर्मेंटरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरू नका. तीन दिवसांच्या अंतराने हायड्रोमीटरवर (घनता मोजायच्या नळीवर) तोच आकडा दोनदा दिसला पाहिजे, साधारण १.०१२ ते १.०१४. घनतेचा एकेक अंक (०.००१) बाकी राहिला की बाटलीत जवळजवळ अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, वायू वाढतो. चार अंक राहिले तर दाब दुपटीच्या घरात जातो आणि काच फुटते. ही गोष्ट खरोखर धोक्याची आहे, तारीख चुकली तरी चालेल.

२० लिटरला ११५ ग्रॅम साधी साखर, पावभर पाण्यात पाच मिनिटे उकळून, भरणीच्या बादलीत आधी ओता, वरून बिअर सोडा. साखर सगळीकडे सारखी मिसळली नाही की काही बाटल्या मुक्या निघतात, काही उसळतात. एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून दगडासारखी लागली की बाकीच्याही तयार.

उशीर झालाच, तर पोर्टरचा हट्ट सोडून १.०३६ घनतेची माइल्ड (कमी मद्यार्काची हलकी बिअर) करा. २८ नोव्हेंबरला उकळून ७ डिसेंबरला भरली तरी बहुधा जमते. आकडा स्थिर हवा, ही अट इथेही आहेच.

प्रश्न : हीच कृती पुण्यात ३१ डिसेंबरसाठी चालेल का?

उत्तर : नाही. परवान्याशिवाय मद्य बनवणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरते का असेना. ब्रिटनमध्ये विक्री न करता घरी पिण्यापुरती बिअर करायला मुभा आहे.