तळं कुठं पळून जात नाही

या वेळी पत्रं बहुतेक सगळी चालण्याबद्दलच आलीत. मागच्या अंकात लेकीकडं अमेरिकेतल्या कोलोरॅडोला जाऊन आल्याचं मी दोन ओळींत लिहिलं होतं, तेवढ्यावरून लातूरपासून जालन्यापर्यंत लोकांनी विचारलंय. त्यातली चार पत्रं घेते, पहिल्याला जागा जास्त लागणार आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा डेन्व्हरला असतो, जुलैत आम्ही दोघं पहिल्यांदाच जायलोत. तो म्हणायलाय की रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये डोंगरातली तळी बघायला एक दिवस चालायला नेतो. माझं वय 63, हिचं 58, हिला बीपीची गोळी चालू आहे. रोज सकाळी चार किलोमीटर चालतो आम्ही. जमंल का, का उगं लेकराच्या जिवाला घोर?
— एक वाचक, लातूर

दादा, जमंल. रोज चार किलोमीटर चालणाऱ्याला तिथली सोपी वाट अवघड नाही. पण तुम्ही विचारलंय किलोमीटरचं आणि तिथं खरा प्रश्न आहे उंचीचा. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. डेन्व्हर 1609 मीटरवर, म्हणजे विमानातून उतरून बॅगांची वाट बघत उभे राहाल तेव्हाच तुम्ही जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढे वर असाल, कारण कळसूबाई 1646 मीटर. आणि जिथून चालायला सुरुवात होते ते बेअर लेक 2888 मीटरवर. कळसूबाईवर अजून पाऊण कळसूबाई ठेवा, तेवढं. तिथं प्रत्येक श्वासात आपल्याकडच्यापेक्षा पाव हिस्सा ऑक्सिजन कमी येतो. रोजचे चार किलोमीटर तिथं चारच राहतात पण छातीला ते सहासारखे वाटतात.

म्हणून पोचल्यावर पहिल्याच शनिवारी डोंगरात जाऊ नका. मुलाला सुट्टी तेव्हाच असते हे मला माहितीय, तरी पुढचा शनिवार धरा. मधले दिवस डेन्व्हरमध्येच थोडं थोडं चाला, पाणी तहान न लागता पीत राहा, आणि जमलं तर आदल्या रात्री पार्कच्या दाराशी एस्टेस पार्क नावाचं गाव आहे तिथं मुक्काम करा, ते साधारण 2300 मीटरवर आहे, शरीराला एक पायरी मिळते. वहिनींच्या डॉक्टरांना निघायच्या आधी भेटा आणि नुसतं अमेरिकेला जायलोत असं सांगू नका, तीन हजार मीटरपर्यंत चढणार आहोत असा आकडा सांगा. गोळी तीच ठेवायची की बदलायची हे त्यांनीच ठरवायचं, शेजारच्या कुणाच्या सल्ल्यानं उंचीची गोळी घेऊ नका.

आता वाट. बेअर लेकपासून आधी निम्फ लेक लागतं, जेमतेम 800 मीटरवर. जुलैत त्याच्यावर पिवळी कमळं पसरलेली असतात, आपल्या कमळापेक्षा लहान, वाटीएवढी. पुढं ड्रीम लेक, सुरुवातीपासून पावणेदोन किलोमीटर. आणि शेवटी इमराल्ड लेक, जवळपास तीन किलोमीटर. सगळी मिळून चढाई साधारण 200 मीटर, म्हणजे आपला देवगिरी किल्ला पायथ्यापासून वरपर्यंत चढावा तशी, फक्त पायऱ्या नाहीत आणि अंधारी नाही. तुम्ही निघायच्या आधी दोन-तीनदा देवगिरी चढून या, तेही सकाळी लवकर, पायात तेच बूट घालून जे तिकडं घालणार आहात. नवे कोरे बूट घेऊन थेट तिथं चालायला लागू नका.

मी 2019 मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही पोचून तीनच दिवस झाले होते. निम्फपर्यंत सगळे मजेत. ड्रीम लेकला पोचलो, पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजता यावेत, काठाशी मासे संथ फिरत होते, समोर हॅलेट पीकचा कडा सरळ वर गेलेला. आम्ही एका खडकावर बसून डबा उघडला. लेकीनं पहाटे उठून धपाटे केले होते, सोबत शेंगदाण्याची चटणी. ह्यांनी एक घास खाल्ला आणि डबा बंद केला. मी विचारलं काय झालं तर म्हणाले काही नाही, कपाळ जरा ठणकायलंय. मळमळ होती पण सांगत नव्हते, कारण इमराल्ड तिथून एक-सव्वा किलोमीटरवर होतं आणि एवढ्या लांब येऊन शेवटचं तळं सोडायचं कसं, असं त्यांना वाटत होतं. लेक म्हणाली, बाबा तळं कुठं पळून जात नाही, चला खाली. आम्ही उतरलो. बेअर लेकला येईपर्यंत डोकं हलकं झालं होतं, एस्टेस पार्कला आल्यावर त्यांनी उरलेले धपाटे सगळे खाल्ले. नऊ दिवसांनी परत गेलो आणि सकाळी साडेसातला इमराल्डच्या काठावर होतो, ह्यांना काही म्हणजे काही झालं नाही.

तेव्हा डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं, यातलं काहीही सुरू झालं की वर जायचं नाही, थोडं बसून बरं नाही वाटलं तर खाली उतरायचं. उंचीच्या त्रासावर सगळ्यात खात्रीचं औषध खाली उतरणं हेच आहे. आणि हे मुलाला आत्ताच फोनवर सांगून ठेवा, तिथं गेल्यावर कुणी मागं फिरू म्हणत नाही, प्रत्येकाला वाटतं आपल्यामुळं दुसऱ्याचा दिवस जाईल.

जुलैत तिथं दुपारी ढग चढतात आणि विजा पडतात, जवळपास रोजचं म्हटलं तरी चालेल. सकाळी आकाश निळंशार असतं म्हणून फसू नका, 12 च्या आत गाडीजवळ परत या. जर्किन न्या, जुलै असला तरी. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका, त्यातल्या जंतूंनी पोट धरून बसाल. आणि वहिनींना सांगा की टॉयलेट बेअर लेकला गाडीतळाजवळच आहे, पुढं वाटेत नाही.

मुलाला एक काम लावा. गेल्या काही उन्हाळ्यांत पार्कमध्ये जायला वेळेचं बुकिंग लागायला लागलंय, आणि त्यात दोन प्रकार असतात, एक बेअर लेकच्या रस्त्यासकट आणि एक त्याच्याशिवाय. घाईत दुसरं घेतलं तर बेअर लेकच्या वाटेवर दिवसभर सोडत नाहीत. या वर्षीचा नियम पार्कच्या वेबसाइटवर बघूनच तारीख ठरवा म्हणावं. बेअर लेकचं पार्किंग सकाळी फार लवकर भरतं, त्यामुळं खाली पार्क अँड राइड नावाच्या गाडीतळावर गाडी लावून तिथल्या फुकटच्या शटल बसनं वर गेलेलं सोपं.

आणि चालायचं नकोच वाटलं तर स्प्राग लेक म्हणून आहे, सपाट वाट, सव्वा-दीड किलोमीटरचा फेरा, व्हीलचेअरसुद्धा जाते. पाण्यात अख्खी डोंगररांग उलटी दिसते. मी तिथं एक पूर्ण सकाळ नुसती बसून काढली आहे.

प्रश्न : ताई, माझी बहीण त्याच पार्कजवळ राहते आणि मला सप्टेंबरमध्ये बोलावतेय. मला अस्वलाची फार भीती वाटते. जंगलात समोर आलं तर काय करायचं?
— एक वाचक, नांदेड

ताई, तुम्ही नांदेडच्या. आपल्या पैनगंगा अभयारण्याच्या बाजूचं अस्वल माणसावर जितकं धावून येतं तितकं तिकडचं काळं अस्वल येत नाही. ग्रिझली नावाचं मोठं अस्वल त्या पार्कात नाहीच. काळं अस्वल दिसलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, मोठ्यानं बोलायचं, हात वर करून मोठं दिसायचं आणि हळूहळू मागं सरकायचं. बहुतेक वेळा तेच निघून जातं.

मी भीते ती मूस नावाच्या तिकडच्या मोठ्या हरणाला. घोड्यापेक्षा उंच, पाय लांब, दिसायला सुस्त, ओल्या झुडपात उभं राहून चरत असतं आणि माणसं फोटोसाठी जवळ जवळ जात राहतात. 1978 च्या सुमारास ही जनावरं कोलोरॅडोत बाहेरून आणून सोडली, आता चांगली वाढलीत. कान मागं पडले, मानेवरचे केस उभे राहिले की समजायचं आता ते येणार. तेव्हा मात्र पळायचं आणि जाड झाडाच्या किंवा खडकाच्या आड जायचं. अस्वलाला पळायचं नाही आणि मूसला पळायचं, हे उलटसुलट करू नका.

तिथला नियम असा की एल्क, म्हणजे तिकडचं दुसरं मोठं हरीण, आणि डोंगरी मेंढ्यांपासून 23 मीटर आणि मूस नि अस्वलापासून 36 मीटर लांब राहायचं. मी नातवाला सांगते, एल्क म्हणजे मधे एसटीच्या दोन गाड्या, मूस म्हणजे तीन गाड्या. तुमच्यामुळं जनावरानं मान वर करून चरणं थांबवलं तर नियमापेक्षा लांब असलात तरी अजून मागं या.

सप्टेंबर मात्र तुम्ही नशिबानं धरलाय. एल्कचा माजाचा काळ साधारण तेव्हा सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो. मोरेन पार्क म्हणून मोठं गवताळ मैदान आहे, तिथं रस्त्याच्या कडेला संध्याकाळी उभं राहा. नर आवाज देतो. एवढं सांबरापेक्षा मोठं जनावर, मला वाटलं डरकाळीसारखं काही असेल, तर आधी घशातून घोगरं काहीतरी येतं आणि ते चढत चढत बासरीच्या वरच्या सुरासारखं बारीक होतं, मग एकदम तुटतं आणि लांबून दुसरा त्याला उत्तर देतो. अंगावर काटा आला माझ्या. त्या दिवसांत संध्याकाळी 5 पासून सकाळपर्यंत त्या मैदानात पायी जायला बंदी असते, ती पाळा, माजावरचा नर गाडीलासुद्धा शिंग मारतो.

अजून एक, बेअर लेकच्या काठावर पट्ट्यापट्ट्यांच्या छोट्या खारी येतात, पायाशी उभ्या राहून खायला मागतात. देऊ नका. कायद्यानं गुन्हा आहे आणि आपल्या शेंगदाण्याच्या सवयीनं त्या हिवाळ्याची बेगमी करायचं सोडतात.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्याकडं तलाव खाली असतात, पाणी उतारानं येऊन साठतं. मग डोंगरात एवढ्या वर तळी कशी होतात?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

बेटा, प्रश्न फार आवडला. आपल्याकडचे बहुतेक तलाव माणसानं बांध घालून केलेले, आणि जवळचं लोणार उल्का आदळून झालेलं. तिथली तळी बर्फानं कोरलीत. हजारो वर्षांपूर्वी त्या दऱ्या हिमनद्यांनी भरल्या होत्या. बर्फ हळूहळू खाली सरकतो आणि त्याच्या बुडात दगडगोटे अडकलेले असतात, सुताराच्या पॉलिश पेपरसारखे. ते खडक घासतात, उपटतात, आणि जिथं खडक कमजोर तिथं उखळासारखा खड्डा पडतो. बर्फ वितळला, खड्ड्यात पाणी राहिलं. म्हणून ती एकाखाली एक असतात, माळेतल्या मण्यांसारखी, मधून ओढा वाहतो. काही ठिकाणी, जसं बेअर लेक, हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यामागं पाणी अडलंय, हा मात्र आपल्या बांधासारखाच प्रकार.

खडकही बघ. तुझ्या पायाखालचा काळा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. तिथले काही खडक 170 कोटी वर्षांचे आहेत.

प्रश्न : ताई, सगळ्यांना अमेरिका कुठं परवडते? एका दिवसात, घरून डबा घेऊन, तळं आणि जंगल असं चालायला आपल्याकडं काही आहे का?
— एक वाचक, जालना

आहे की, आणि मी तिकडं जायच्या आधी सराव तिथंच केला. गौताळा. कन्नडच्या पुढं, संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांच्या सीमेवर, 1986 मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर. आत गौताळा तलाव आहे, चहूबाजूंनी टेकड्या. पावसाळा सरताना जा, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तेव्हा जंगल हिरवंगार असतं. जवळच पितळखोऱ्याची लेणी, इसवी सनापूर्वीची, खाली उतरायला पायऱ्या आहेत आणि पावसात शेजारून धबधबा पडतो. शेवाळलेला बसाल्ट साबणासारखा असतो, तिथं चप्पल नको.

बिबट्या आहे, अस्वल आहे. 2021 च्या मार्चमध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ चालत चालत गौताळ्यात आला आणि कॅमेऱ्यात सापडला. त्या बातमीनं मला किती आनंद झाला काय सांगू, आपल्या मराठवाड्यात वाघ! एवढ्या शेतांतून, रस्त्यांतून तो आला म्हणजे वाट अजून शिल्लक आहे. म्हणून एकटं जाऊ नका, गेटवर वनखात्याकडं नोंद करा, सांगितलेल्या वाटेनंच चाला आणि दिवस मावळायच्या आत बाहेर या. मोबाइलवर गाणी लावून चालणारे ग्रुप मी तिथं पाहिलेत, त्यांना एक मोरसुद्धा दिसला नाही.

जालन्याहून पहाटे निघा आणि गेट उघडायच्या वेळेला पोचा. तलावाच्या काठी ओल्या मातीत बसून आधी ठसे बघा. नीलगाईचे दोन टोकदार खूर ओळखू येतात, रानडुकराच्या खुरांमागं दोन बारीक टिंबं असतात. मांजरासारखा गोल, नखं न दिसणारा, तळहाताएवढा ठसा दिसला तर तो पुसू नका, मोबाइलनं फोटो काढा, शेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं, आणि जाताना गेटवरच्या वनरक्षकाला दाखवा.