तक्रार रजिस्ट्रारकडे की होस्टकडे?

प्रश्न : माझ्या संकेतस्थळावरचे किल्ल्यांचे चाळीसेक फोटो एकाने जसेच्या तसे उचलले. त्याच्या डोमेनच्या रजिस्ट्रारला तीन मेल केले. ‘आम्ही फक्त नाव नोंदवतो, मजकूर आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर आलं. हे हात झटकणं नाही का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ते खरंच बोलतायत. रजिस्ट्रारकडे असते नावाची नोंद आणि नेमसर्व्हरचे (ते नाव कोणत्या सर्व्हरवर न्यायचं हे सांगणाऱ्या यंत्रणेचे) पत्ते. त्याच्या हातातला उपाय म्हणजे डोमेन (संकेतस्थळाचं नाव) ‘क्लायंट होल्ड’वर टाकणं, म्हणजे ते नाव चालेनासं करणं. त्याने सगळं संकेतस्थळ आणि त्या नावावरचे ईमेलही बंद पडतात, पण फोटो सर्व्हरवर तसेच राहतात. दुसरं डोमेन जोडलं की पुन्हा हजर! डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने एप्रिल २०२४पासून रजिस्ट्रारांना कारवाईची सक्ती केली ती फिशिंग, मालवेअर वगैरेंसाठी. कॉपीराइट त्यात येत नाही.

तेव्हा होस्ट, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर फोटो ठेवलेत ती, गाठा. डोमेनचा आयपी पत्ता काढून तो आरडॅप (पत्ता कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारी सार्वजनिक नोंद) शोधात टाका. कंपनीचं नाव आणि तक्रारीचा ईमेल मिळतो. तिथे क्लाउडफ्लेअर ही कंपनी दिसली तर तो बहुधा खऱ्या सर्व्हरसमोरचा नुसता पडदा असतो. त्यांचा तक्रार अर्ज भरा, ते तक्रार खऱ्या होस्टकडे पाठवतात. ती संकेतस्थळाच्या मालकाकडेही जाऊ शकते, म्हणून घरचा पत्ता देताना विचार करा.

होस्ट अमेरिकन असेल तर डीएमसीएची (अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याची) नोटीस चालते. तीत मूळ कृती कोणती, नक्कल नेमकी कुठे, तुमचा संपर्क, हा वापर परवानगीविना असल्याची प्रामाणिक समजूत, माहिती अचूक असल्याचं विधान, आपण हक्कदार किंवा त्याचे प्रतिनिधी असल्याचं शपथेवरचं विधान आणि सही एवढं लागतं. बहुतेक नोटिसा अडतात त्या ‘नक्कल कुठे’ यावर. मुखपृष्ठाची लिंक देऊन भागत नाही. फोटोवर राइट क्लिक करून चित्राचाच पत्ता घ्या, कारण पान एका सर्व्हरवर आणि चित्र भलत्याच, असं सर्रास असतं. चाळीस फोटो म्हणजे चाळीस जोड्या : मूळ लिंक, समोर नकलेची लिंक. ‘अन्यथा गंभीर परिणाम’ छापाच्या ओळी गाळल्या तरी काही बिघडत नाही.

होस्ट भारतीय असेल तर कॉपीराइट नियम २०१३मधला नियम ७५ बघा. लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण तक्रारीतच ‘मी दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन’ अशी हमी द्यावी लागते. आदेश आला नाही तर होस्ट मजकूर परत सुरू करू शकतो. वकिलाशी आधी बोललेलं बरं.

प्रश्न : उलटंच झालंय. मी स्वतः काढलेला फोटो कुणाच्या तरी तक्रारीवरून अमेरिकन होस्टने काढला. ‘फोटो माझाच आहे’ असं कळवूनही उपयोग नाही. – एक वाचक, पणजी

उत्तर : साध्या मेलने होस्ट हलत नाही, काउंटर नोटीस, म्हणजे त्या तक्रारीला रीतसर उत्तर देणारी नोटीस, लागते. काढलेला फोटो आणि त्याची जुनी लिंक, तो चुकीने काढला गेल्याचं शपथेवरचं विधान, नाव-पत्ता-फोन, अमेरिकी फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य असल्याची संमती आणि सही. ही नोटीस तक्रारदाराकडे जाते. त्याने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत फोटो परत चढवला जातो. कॅमेऱ्यातली मूळ फाइल जपून ठेवा. काही होस्ट एका फोटोपायी अख्खं खातं थांबवतात, त्यामुळे संकेतस्थळाचा बॅकअप त्याच होस्टकडे ठेवू नका.