पॅरा खेळाडूने निवडणूक लढवावी का? पदकावर मतं मिळतात का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ व्हीलचेअरवर आहे, गोळाफेकीत राष्ट्रीय पदक मिळवलंय, आणि गोव्यात फोंड्याकडच्या तुमच्या गावातले लोक म्हणतात पंचायतीला उभा राहा. पदकाचा उपयोग होईल का?

दार उघडण्यापुरता होईल. मत दुसऱ्याच गोष्टीवर पडतं.

मला लहानपणी पोलिओ झाला. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावतो, एफ-५७ गटात, म्हणजे बसून फेकणाऱ्यांत, गोळा फेकायचो. २०२२ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वॉर्डातून पंच, म्हणजे पंचायत सदस्य, म्हणून निवडून आलो. मतदान १० ऑगस्टला, म्हणजे प्रचार सगळा भर पावसात. शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर कुबडीचं रबर ठरत नाही. एका घरापाशी मी खालीच थांबलो, तर वरून आजी म्हणाली, "पुता, तूं वयर येवं नाका, हांवूच सकयल येतां." डोक्यावर पदर घेऊन तुळशीपर्यंत भिजत आली. पदकाचा विषयच नाही. व्हाळावरच्या साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, कठडा कधी घालणार, एवढंच विचारलं. त्या रात्री मी पत्रकावरचा पदकाचा फोटो काढून साकवाचा घातला.

देवेंद्र झाझरियांचं बघा. पॅरालिम्पिकच्या भालाफेकीत २००४ ला अथेन्समध्ये सुवर्ण, २०१६ ला रिओत सुवर्ण, टोकियोत रौप्य. २०२४ मध्ये भाजपने त्यांना राजस्थानातल्या चुरूतून, त्यांच्याच जिल्ह्यातून, लोकसभेला उभं केलं. समोर राहुल कस्वां: तिकीट कापल्यावर काँग्रेसमध्ये गेलेले तिथलेच खासदार, वडीलही तिथूनच खासदार झालेले. झाझरिया सुमारे ७२ हजार मतांनी हरले. त्यांची पदकं कुणी विसरलं नव्हतं, पण लग्नाकार्याला, मयताला वर्षानुवर्षं दारात येणारा माणूस मतदाराला जवळचा वाटतो. त्याच वर्षी ते भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले, दीपा मलिक यांच्यानंतर. तोही एक रस्ता आहे, आणि खेळाडूला तो अधिक ओळखीचा.

पद मिळालं की वाट सोपी होईल, असं मात्र भावाला सांगू नका. ब्रिटनच्या व्हीलचेअर धावपटू टॅनी ग्रे-थॉम्पसन यांची पॅरालिम्पिकमध्ये ११ सुवर्णपदकं, २०१० पासून त्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये. २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकला निघाल्या असताना लंडनला मदतीला कुणी आलंच नाही, म्हणून रेल्वेतून सरपटत उतरावं लागलं. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

तरी उभं राहावं, असं मी मनापासून सांगेन. आमच्याकडे एका सरकारी इमारतीला रॅम्प मंजूर झाला. जोतं दोन फूट आणि ठेकेदाराने उतार केला आठ फुटांचा. बाकीच्या पंचांना तो छान दिसत होता. मी एका मुलाला व्हीलचेअरवर बसवून वर ढकलायला सांगितलं, अर्ध्यात खुर्ची मागे कलंडायला आली. एका फुटाला बारा फूट हा नियम आहे, म्हणजे चोवीस फूट हवेत. तीन बैठका भांडलो, तोडून पुन्हा बांधून घेतला. तिथे चालणारीच माणसं असती तर तो आठ फुटांचाच राहिला असता.

पंचायतींची मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ ची. भावाला पुढच्या ग्रामसभेपासूनच न्या. सभागृहाला पायऱ्या असतील तर उचलून आत नेऊ नका. त्याला दारातच बसू दे आणि तिथूनच बोलू दे.